भोकातून की भिंगातून?

आमच्या घरी बाबांची एक रायफल आहे. पॉइंट टू-टू बोअरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी, बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याची. बीएसए म्हटलं की आपल्या पिढीला सायकल आठवते, पण त्या अक्षरांचा मूळ अर्थच ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली ही त्यांची खूण. बाबांनी ती साठच्या दशकात जुनीच विकत घेतली होती. त्यांच्यामागे वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर झाला. मी कॉलेजात असताना एनसीसीत होते, नेमबाजीची गोडी तिथेच लागली. त्यामुळे भावाने ‘तूच घे’ म्हटलं आणि मीही आढेवेढे घेतले नाहीत.

आता साठी उलटली आहे, आणि गेली दोन वर्षं घरात एकच चर्चा आहे: या रायफलीवर आहे ते जुनं भोकाचं ‘पीप साइट’ ठेवायचं, की काढून दुर्बीण, म्हणजे स्कोप, बसवायचा? भाचा म्हणतो, “आत्या, डोळे थकले तर दुर्बीण लाव. त्यात लाजायचं काय?” लाजायचं काहीच नाही. पण हा प्रश्न दिसतो तितका सोपाही नाही. आपल्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या बऱ्याच जुन्या घरांत आजोबा-पणजोबांची एखादी बंदूक परवान्यासकट अजून जपलेली असते. त्यांना आणि चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलणाऱ्या सगळ्यांनाच यातलं काही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी नेम धरताना डोळा काय करतो ते पाहू. साध्या बंदुकीला मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाला एक उंचवटा. त्याला आपण माशी म्हणतो. खाचेत माशी, माशीवर निशाण. म्हणजे तीन वस्तू, तीन वेगवेगळ्या अंतरांवर: एक हातभर, दुसरी मीटरभर, तिसरी पन्नास मीटरवर. डोळा एका क्षणी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. तरुण डोळ्याचं भिंग लवचीक असतं, ते तिघींवरून इतक्या चपळाईने फिरतं की सगळं एकदमच स्पष्ट दिसतंय असं वाटतं. चाळिशी लागली की ही लवचीकता कमी होते. पन्नाशीनंतर खाच धूसर होते, मग माशीही. एनसीसीत पंचवीस यार्डांवर मला कधीच न पडलेला प्रश्न आता रोज पडतो: माशी पाहू की निशाण?

पीप साइट हा प्रश्न निम्मा सोडवतं. मागे खाचेऐवजी एक छोटी चकती असते आणि तिच्या मध्यभागी मिलिमीटरभराचं भोक. त्या भोकाकडे बघायचंच नसतं, त्यातून बघायचं असतं. गोल भोकातून पाहताना डोळा समोरची वस्तू आपोआप मध्यावर आणतो, कारण उजेड तिथेच सगळ्यांत जास्त असतो. त्यामुळे मागची वस्तू हिशेबातून गेली. उरल्या दोन, माशी आणि निशाण.

दुसरा फायदा अधिक गमतीचा आहे. तो घरबसल्या तपासता येतो. एका जाड कार्डाला सुईने बारीक भोक पाडा. चाळिशीचा चष्मा काढून ठेवा आणि भरपूर उजेडात भोक डोळ्याशी धरून वर्तमानपत्र वाचा. अक्षरं थोडी अंधारी दिसतील, पण वाचता येतील. बारीक भोक तिरके प्रकाशकिरण अडवतं, त्यामुळे धूसरपणा घटतो आणि जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं. डोळ्यांचे डॉक्टर तपासताना भोकांची काळी चकती डोळ्यापुढे धरतात, तेही हेच तत्त्व. म्हणजे बाबांच्या रायफलीवरचं ते लोखंडी भोक हे एका परीने काच नसलेला चष्माच आहे.

मोबदला द्यावा लागतो तो उजेडाचा. भोक जितकं लहान तितकं चित्र स्वच्छ, पण अंधारं. ढगाळ दुपारी, संध्याकाळी पीप साइट रुसतं.

आता दुर्बिणीची बाजू मांडते, कारण ती खरोखर भक्कम आहे. स्कोपमध्ये बारीक रेषांची फुली असते, आणि भिंगांच्या रचनेमुळे फुली आणि निशाण एकाच प्रतलात दिसतात. तीन वस्तूंची आता एकच झाली. डोळ्याला पुढे-मागे धावावंच लागत नाही. डोळ्याकडच्या भिंगाचं कडं फिरवून फुली आपल्या नजरेला जुळवून घ्यायची, बस. शिवाय निशाण चौपट मोठं दिसतं. साठीच्या डोळ्यांसाठी याहून दयाळू साधन नाही. रेंजवरच्या एका स्नेह्यांनी त्यांच्या स्कोपवाल्या रायफलीवर मला हात मारू दिला. वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलेल्या दहा गोळ्यांचा पुंजका माझ्या नेहमीच्या पुंजक्यापेक्षा लहान आला. हे मान्य न करणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं.

पण पिशवी काढली, पट्टा दंडाला लावला आणि पालथी पडून नेम धरला, तेव्हा चित्र बदललं. स्कोप निशाण मोठं करतो तसं आपलं थरथरणंही मोठं करतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला फुली उडते. मग ती मधोमध आल्याबरोबर चाप ओढायचा मोह होतो, आणि घाईने ओढलेल्या चापाने गोळी भरकटते. सरावाने हे सुटतं, पण सराव दोन्हीकडे लागतोच. पीप साइटमध्ये थरथर असतेच, फक्त ती अशी डोळ्यावर येत नाही.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. जुन्या रायफलीचा दस्ता तिच्या मूळ साइटच्या उंचीला जुळवून केलेला असतो. गाल लाकडावर टेकला की डोळा नेमका भोकामागे येतो. स्कोप नळीपासून बराच वर बसतो. मग गाल उचलावा लागतो, आणि गालाऐवजी हनुवटी टेकते. डोकं अधांतरी राहिलं की डोळ्याची जागा दर वेळी थोडी बदलते, आणि स्कोप ठरलेल्या अंतराला जुळवलेला नसेल तर फुलीही निशाणावरून सरकते. ही अडचण नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांची पॉइंट थ्री-नॉट-थ्रीची नंबर चार रायफल निवडक नेमबाजांसाठी बदलली. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे ते काम होतं. दुर्बीण बसवताना त्यांना दस्त्यावर गालासाठी लाकडी उंचवटाही स्क्रूने जोडावा लागला. आणि गंमत म्हणजे त्याच रायफलीच्या साध्या रूपावर मागचं साइट भोकाचंच होतं. एकाच बंदुकीवर दोन्ही साधनं नांदली, फक्त कामं वेगळी होती.

तिसरी अडचण आमच्या रायफलीच्या जातीची. ही ‘मार्टिनी’ बांधणीची आहे. मार्टिनी हे स्वित्झर्लंडमधले कारखानदार, आणि त्यांच्या नावाची मार्टिनी-हेन्री रायफल १८७१ मध्ये इंग्रजी सैन्यात आली. पुढे बोअर युद्धात (१८९९–१९०२) आपल्या शिपायांचा नेम कच्चा आहे हे इंग्रजांना जाणवलं. गावोगावी छोट्या बोअरच्या रायफलींचे क्लब निघाले आणि त्यांच्यासाठी बीएसएने मार्टिनीची छोटी बहीण काढली. हिला बोल्ट नसतो. मुठीखालचा दांडा खाली ओढला की आतला ठोकळा कलतो, वरून बोटाने काडतूस सरकवायचं, दांडा वर केला की बंद. रिकामं टरफलही वरच्याच बाजूने मागे निघतं. म्हणजे जिथे दुर्बीण बसणार, नेमकी तिथेच बोटं जायची वाट. स्कोप त्या जागेवर आडवा आला की प्रत्येक काडतूस चिमट्यात धरल्यासारखं आत घालावं लागतं. ते टाळायला स्कोप नळीवर पुढे सरकवला, तर डोळ्यापासूनचं अंतर बिघडतं. साध्या स्कोपला डोळा तीन-चार इंचांवरच हवा असतो.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ड्रिल. त्या काळच्या रायफलींना दुर्बिणीसाठी भोकं पाडलेली नसतात. पक्का स्कोप बसवायचा तर वरच्या पोलादात ड्रिलने भोकं पाडून आटे काढावे लागतात. हे काम घरी करायचं नसतंच. कायद्याने शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करणाऱ्याकडे त्याचा परवाना लागतो. मी ज्या बंदूकवाल्यांकडे गेले, त्यांनी रायफल उलटसुलट करून पाहिली, खोली रिकामी आहे याची पुन्हा एकदा खात्री केली आणि म्हणाले, “बाईसाहेब, भोक पाडायला मला अर्धा तास लागेल. बुजवायला मात्र कुणालाच जमणार नाही.” मला ते वाक्य पटलं. जुन्या वस्तूची किंमत बाजारात काय येते, हा मुद्दा माझ्यासाठी दुय्यम आहे. पण जे आपल्यानंतर कुणाला पूर्ववत करता येणार नाही, ते करायला कारण तसंच जबरदस्त हवं.

तसं कारण माझ्याकडे आहे का, हे ठरवायला एक साधा प्रश्न विचारला: ही रायफल मी कशासाठी वापरते? दुर्बिणीचं माहेर रान आणि रणांगण. झाडीतलं जनावर ओळखायचं, ते नेमकं कुठे उभं आहे ते पाहायचं, तिथे भिंगाला पर्याय नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शौकाची शिकार संपली, आणि ते योग्यच झालं. आता परवानाधारक हौशी माणसाचं निशाण म्हणजे कागद. पन्नास मीटरवर ठरलेल्या जागी पांढऱ्या कागदावर ११२.४ मिलिमीटरचं काळं वर्तुळ. ते शोधायचं नसतं, ओळखायचं नसतं. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं आहे, पण ते दिसायची गरजच नसते. पुढच्या गोल कड्यात काळा गोल मधोमध बसवला की दहाचं वर्तुळ आपोआप मध्यावर येतं. मोठ्या दोन वर्तुळांचं केंद्र एक करणं डोळ्याला फार छान जमतं, अगदी जुन्या डोळ्यालाही.

ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत तर दुर्बीण चालतच नाही. २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत भोकातूनच नेम धरत होती. २०२४ मध्ये पॅरिसला तीन पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळेही तसाच. त्याच्या आदल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात भारताच्या संघाने सुवर्ण जिंकलं. त्या तिघांत अखिल श्योराणबरोबर कोल्हापूरकडचा स्वप्नील होता आणि आपल्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही. त्यांच्या साइट अर्थात आजच्या, पण तत्त्व बाबांच्या रायफलीवरचंच. आणि आपल्या मंडळींनी अभिमानाने लक्षात ठेवावं असं आणखी एक: १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, बडोद्यात जन्मलेले. नेमबाज मुलं ‘मावळंकर स्पर्धा’ म्हणतात ती त्यांच्याच नावाची.

तर मी दुर्बीण नाकारली. पण थकलेल्या डोळ्यांचं काय? तिथे तीन गोष्टी केल्या.

पहिली चष्म्याची. माझा रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर लांबचा नंबर, खाली जवळचा. पालथं पडून नेम धरताना आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो. तो कोपरा काही या कामासाठी घासलेला नसतो. म्हणून नेमबाजीसाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला. त्याचा हिशेब सोपा आहे. माशी डोळ्यापासून साधारण मीटरभरावर. फक्त माशी स्पष्ट हवी तर लांबच्या नंबरात एक डायॉप्टर वाढवावा लागेल, पण मग निशाण विरघळून जाईल. म्हणून मधला मार्ग, लांबच्या नंबरात अर्धा डायॉप्टर. दोन्हीकडची उरलेली तूट ते बारीक भोक भरून काढतं. चष्मेवाले आधी बुचकळ्यात पडले. मग मी मीटरपट्टीने एक मीटर मोजून भिंतीवर टिकली लावली आणि सांगितलं, ही टिकली जेमतेम स्पष्ट दिसली पाहिजे आणि त्या समोरच्या पाटीवरची अक्षरं ओळखता आली पाहिजेत. काम झालं. रायफल दुकानात न्यावी लागली नाही.

दुसरी गोष्ट पुढच्या कड्याची. माशीच्या जागी गोल कडं असतं, त्याची भोकं लहान-मोठी मिळतात. पन्नास मीटरवरचा काळा गोल माशीच्या अंतरावर जेमतेम दोन मिलिमीटर भरतो. बाबांचं कडं त्याला अगदी घट्ट बसणारं होतं, कारण त्यांच्या तरुण डोळ्यांना ते झेपत होतं. मला काळ्या गोलाभोवतीची पांढरी कडा दिसेचना. साडेतीन मिलिमीटरचं कडं घातलं आणि पांढरी रिंग स्वच्छ उमटली. वयाबरोबर नेमातही थोडी मोकळी जागा लागते.

तिसरी, वेळेची. सकाळी नऊ ते अकरा, उजेड भरपूर असताना जायचं. पाचव्या-सहाव्या सेकंदाला चित्र विरायला लागलं तर हट्ट न करता रायफल खाली घ्यायची, लांबचं झाड बघायचं आणि पुन्हा सुरू करायचं. गोळी कुठे लागली ते पाहायला शेजारी स्टँडवर वेगळी दुर्बीण ठेवते. दुर्बिणीशी माझं वैर नाहीच, फक्त ती रायफलीवर नको होती. पावसाळ्यात तिच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावी लागते. त्या भोकाला तेलाच्या एका थेंबाशिवाय काही लागत नाही.

निकाल विचाराल तर तरुणपणाचे गुण परत आले नाहीत, येणारही नाहीत. पण माझ्या साइटची एक खटकी म्हणजे पाव मिनिटाचा कोन, पन्नास मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. ती एक खटकी फिरवल्यावर पुंजका तेवढाच सरकलेला दिसतो. म्हणजे चूक कुठली डोळ्याची, कुठली हाताची, हे अजून वेगळं काढता येतं. साठीनंतर एवढं पुरेसं आहे.

पुढचं मात्र खुलं आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय, असं डॉक्टरांनी गेल्या तपासणीत सांगितलं. भोक धूसरपणा कमी करतं, पण भिंगावरचं गढूळपण नाही. ते दुर्बिणीनेही जात नाही. ऑपरेशन ठरेल तेव्हा लेन्स निवडण्याआधीच डॉक्टरांना सांगणार आहे की हा माझा नेमाचा डोळा आहे आणि मला मीटरभरावरचं कडं पाहायचं असतं. बसवलेली लेन्स पुढे-मागे होत नाही, म्हणून हे आधीच बोललेलं बरं. तुमच्यापैकी कुणी शिवणकाम करत असेल, कुणी पेटी वाजवताना नोटेशन वाचत असेल, त्यांनीही आपलं ‘कामाचं अंतर’ डॉक्टरांना जरूर सांगावं.

त्यानंतरही भोकातून दिसेनासं झालं, तर मी जरूर स्कोप घेईन, पण दुसऱ्या रायफलीवर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोन शस्त्रं ठेवता येतात, आणि स्कोपसाठीच घडवलेल्या, आयत्या खाचा असलेल्या रायफली मिळतात. तिच्यावर तो शोभेलही. या मार्टिनीत मी बदललं ते फक्त एक कडं. जुनं कडं एका डबीत, चिठ्ठी लिहून ठेवलंय. भाचाची धाकटी बहीण आता क्लबात शिकते आहे, तिचे डोळे अठरा वर्षांचे आहेत. पुढेमागे रायफल तिच्या परवान्यावर गेली, तर ते घट्ट कडं तिला नेमकं बसेल.